सुपारीला नसलेली गोम

वैशाखात छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी वेरूळ सांगतो, दौलताबाद सांगतो. खरं तर यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. मी घोडे पाहिले, आणि त्यातल्या एका घोडीला बदनाम करून आलो. म्हणून हे वर्णन कबुलीनंच सुरू करायला हवं. माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे सुपारी नावाच्या निर्दोष घोडीचं ठरलेलं मोडलं. शब्द गेला ही चूक होती. त्यानंतर मी जे केलं त्याला नुसती चूक म्हणता येणार नाही. ते जिथं आलं तिथं सांगेन.

माझी ओळख थोडक्यात. देवरुखला माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. शाळा सुटल्या की दुकानात माश्या मारायच्या, म्हणून फिरायला मे महिनाच मोकळा. वयाची पन्नाशी उलटली आहे. स्वभाव असा की रस्त्यात दुसऱ्याचा धक्का लागला तरी माफी मीच मागतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळाच्या पायरीला ठेचकाळलात तर पायरीचीसुद्धा माफी मागाल." एकदा मागितली आहे.

बायकोची धाकटी बहीण शैला हर्सूलला राहते, शाळेत शिकवते. तिचा नवरा भास्कर, म्हणजे माझा साडू, वाळूजच्या कारखान्यात पाळीचा सुपरवायझर आहे. हर्सूलच्या पुढं त्यांचं थोडं शेत आहे आणि शेतात घोडी. भास्कर वर्षानुवर्षं बोलावत होता. या वेळी फोनवर म्हणाला, "साडूबुवा, या वर्साला याच. सुपारीचं जमवायचंय. घरात कार्य हाय समजा." बायकोला मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. मी एकटाच निघालो.

हर्सूल

बसमधून उतरलो तर ऊन असं की आमच्या कोकणातला घाम बरा वाटावा. इथं घाम येतच नाही, येण्याआधीच वाळतो. भास्कर मोटारसायकल घेऊन आला होता. मागं बसताना मी पिशवी त्याच्या आणि माझ्या मध्ये धरली. पिशवीत शैलासाठी आणलेली आगळाची बाटली होती. दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून, जेलच्या भिंतीला वळसा घालून घरी पोचलो तेव्हा भास्करच्या पांढऱ्या शर्टाची पाठ कोकमाच्या रंगाची झाली होती. शैला दारात किंचाळलीच.

"माफ करा," मी म्हणालो, "पण झाकण मी घट्ट लावलं होतं."

शैला हसायला लागली. "दाजी, ताई सांगते ते खरंच आहे. तुमची माफी आणि 'पण' जुळे भाऊ आहेत. एक आला की दुसरा मागनं येतोच."

ऊन उतरल्यावर शेतावर गेलो. लिंबाच्या झाडाखाली सुपारी उभी होती. घोडा म्हटलं की कॅलेंडरवरचा उंच, मान उभारलेला घोडा मला ठाऊक. ही माझ्या खांद्याच्याही खालीच राहत होती. रंग भाजक्या सुपारीचा, पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळसर रेघ, खूर लहान आणि दगडासारखे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो.

"एवढीशी?" मी म्हणालो.

"एवढीशीच पायजे," भास्कर म्हणाला. "दख्खनचं जनावर हाय हे. भीमेच्या खोऱ्यातलं म्हणून भीमथडी म्हणत्यात. उंच घोडं मैदानात पळतं, डोंगरात गुडघे फोडून घेतं. हे तट्टू मूठभर दाण्यावर गड चढायचं. आता सांगा, हे आलं कुठनं?"

"इथलंच ना?"

"निम्मं इथलं. निम्मं तुमच्याकडचं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो गंभीर होता. त्याचं म्हणणं असं, की अरबस्तानातून आणि इराणातून घोडे गलबतांनी यायचे आणि उतरायचे ते आमच्या दाभोळला, चौलला. तिथून घाट चढून वर. बहामनी झाले, निजामशाही झाली, मोगल आले, मराठे आले, घोडा सगळ्यांना लागायचा. ते परदेशी घोडे इथल्या डोंगरी तट्टांत मिसळत गेले आणि हे काटक, बुटकं, कमी खाणारं जनावर तयार झालं.

"म्हणजे घोडं तुमच्या अंगणातनं गेलं, साडूबुवा," भास्कर म्हणाला, "अन् तुम्ही आत बसून मासं खात व्हता."

तसंच झालं असणार. आमच्याकडे नवरदेवसुद्धा घोड्यावर बसत नाही. आमच्या पाखाड्यांच्या दगडी पायऱ्यांवरून घोडा आणि नवरदेव दोघंही घसरतील.

भास्करच्या घरी घोडीचं कूळ आईकडून मोजतात. सुपारीची आई खारीक. खारकेची आई बदाम. बदामच्या आधीची कुणी आठवत नाही. ती खोबरं असावी असा शैलाचा अंदाज आहे. शिंगरू नर झालं तर ते कुणालाही देतात, पण मादी झाली तर ती घरात राहते आणि सुक्या मेव्यातलं नाव घेते. सुपारीला दोन शिंगरं झाली, दोन्ही नर. आता तिचं वय होत आलं होतं. यंदा मादी झाली तर खारकेचं कूळ पुढं जाणार. नाहीतर सुपारीवरच पान संपणार, असं भास्करच म्हणाला आणि स्वतःच्या कोटीवर हसला नाही.

जमवायचं होतं ते सिल्लोडच्या मक्याशी. मक्या हा युसूफभाई नावाच्या व्यापाऱ्याचा घोडा. या भागात सुपारीच्या जातीला शोभेल असा तो एकच उरलाय, असं भास्करचं मत. सुपारी नुकतीच माजावर आली होती आणि हे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. त्या दिवसांत घोड्याजवळ नेली तरच ती त्याला उभी राहते. नाहीतर लाथ.

रात्री येसर आमटी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मी नारळ शोधत होतो. आमटीत नव्हता, भाजीत नव्हता, चटणीत नव्हता. "देवापुढं आहे एक," शैला म्हणाली, "पाहिजे तर फोडते." तिसरी वाटी मागितल्यावर मी नारळाचा नाद सोडला.

शहरात, मग बाजेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करनं मला लग्नाच्या घोड्यांच्या तबेल्यात नेलं. "आधी बाकीची जात बघा, मंग सुपारीची किंमत कळंल."

लग्नसराई जोरात होती. घोडे आदल्या रात्रीच्या वरातींनी दमलेले, कपाळावर अजून चमकी. मारवाडी घोड्याचे कान पाहून मी थक्क झालो. दोन्ही कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकलेली, जणू डोक्यावर कुणी कंस घातला आहे. शेजारी काठेवाडी, तोही वळलेल्या कानांचा, पण अंगानं आटोपशीर. आणि पलीकडे नुकरा. दुधासारखा पांढरा, नाकाची कातडी गुलाबी. नवरदेवांना हाच लागतो, कारण फोटोत हाच उठून दिसतो.

नुकऱ्याच्या गुलाबी नाकाकडे वाकून पाहत असताना त्यानं माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तोंडात घेतला आणि शांतपणे चावायला लागला. मी ओढला, त्यानंही ओढला. तबेल्यातले लोक हसू दाबून उभे.

"सोडा त्याला पट्टा," भास्कर म्हणाला. "वरातीत रातभर उपाशी व्हता."

"माफ कर," मी नुकऱ्याला म्हणालो, "पण तो रेक्झिनचा आहे."

दुपारी शेतावर आलो. युसूफभाई शहरात मालाच्या कामाला आले होते. जाता जाता घोडी बघून दिवस ठरवणार होते. ते आले तेव्हा भास्कर सुपारीला तळ्याकडून पाणी पाजून आणायला गेला होता आणि शैला पलीकडच्या खोपीत चहा करत होती. लिंबाखालच्या बाजेवर आम्ही दोघंच.

युसूफभाई गोरे, भारदस्त, बोलायला रसाळ. सिल्लोडला कापसाचा आणि मक्याचा व्यापार. "आप कोकण के? वा! मंग आमचा मक्या तुमचा गाववाला झाला. त्याचे पूर्वज तुमच्याच बंदरात उतरले ना."

मला ते फार आवडले. दुकानदारानं दुकानदाराला विचारावं तसं मी विचारलं, "घोडा लावायचं काय घेता?"

"तौबा!" त्यांनी कानाला हात लावला. "हमारे घर में ये रिवाज नहीं. मक्याचे पैसे घेतो, पण मक्याचे घेत नाही!" आणि आधीचा मका दाण्याचा, नंतरचा मक्या घोडा, हे माझ्या लक्षात येईपर्यंत थांबून ते मनापासून हसले.

मीही हसलो. आणि इथं माझी जीभ घसरली. मी म्हणालो, "एवढा नावाजलेला घोडा आणि फुकट? मग यात नक्की काहीतरी गोम असणार!"

युसूफभाईंचं हसू थांबलं. "गोम आहे?"

मला वाटलं, गडी विनोद पुढं नेतोय. "असतेच!"

"कुठं?"

"ती अशी दिसते थोडीच? वरवर सगळं छान दिसतं. नीट शोधलं की सापडते."

ते माझ्याकडे सरकले. मग हळू आवाजात, "भास्करभाऊंना ठाऊक आहे?"

"त्याला नसेल तर कुणाला असणार!" मी टाळीसाठी हात पुढं केला. त्यांनी टाळी दिली. आठवलं की आता कळतं, ती टाळी नव्हती. माणूस आजाऱ्याचा हात हातात घेतो तशी होती.

भास्कर सुपारीला घेऊन आला, शैला चहा घेऊन. युसूफभाई बाजेवरून उठले नाहीत. लांबूनच "माशाल्ला" म्हणाले, चहा अर्धा ठेवला आणि गेले.

"हात बी नाय लावला?" भास्कर गोंधळला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मक्याचा पाय मुरगळलाय, या वेळी जमायचं नाही, मन वाईट करून घेऊ नका. भास्कर फोन हातात धरून बसून राहिला. "काल तर म्हणत व्हते, घोडा नाचतोय."

मी त्याचं सांत्वन केलं. हो, मीच केलं.

सुपारीच्या गळ्याखाली

तिसऱ्या दिवशी सकाळी शैला सुपारीला खरारा करत होती. मी बादली धरून उभा. गळ्याखालचे केस बाजूला करत ती म्हणाली, "हे बघा दाजी, भोवरा. बरोब्बर इथं गळ्याखाली असला की त्याला देवमण म्हणतात. लई शुभ. खारकेला पण होता."

"भोवरे बघून घोडा घेतात?"

"घेतात काय, लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जास्त बघतात. देवमण असला की घर भरतं. आणि दुसरं ते…" तिनं आवाज खाली आणला, "गोम. ते तर नावच काढायचं नाही."

आमच्याकडे गोम म्हणजे पावसाळ्यात मोरीतून निघणारी, असंख्य पायांची. मी तेच म्हणालो.

"तीच. तिच्यासारखी दिसते म्हणून. अंगावरचे केस सगळे एका दिशेनं जातात ना? मधेच एक ओळ उलटी फिरते. मानेवर, पाठीवर, कुठंपण. आयाळीखाली लपली तर दिसत पण नाही. गोमेची घोडी कुणी दारात बांधत नाही, आणि तिला घोडा तर कुणीच देत नाही. खोटं असेल सगळं, मी मुलांना विज्ञान शिकवते. पण युसूफभाई मानतात. त्यांच्या वडिलांची सक्त ताकीद आहे."

माझ्या हातातली बादली कलंडली. सुपारीनं कान मागं घेतले.

एकेक वाक्य परत ऐकू येऊ लागलं. यात गोम असणार. असतेच. वरवर दिसत नाही. भास्करला ठाऊक आहे. मक्याला ते रोज पाहतात, म्हणजे ही गोम त्यांनी सुपारीचीच धरली असणार. मी घोडीला कलंक लावला होता आणि वर भास्करला लबाड ठरवलं होतं. टाळी मागून. आणि युसूफभाई इतके सभ्य, की पाहुण्यानं सांगितलं म्हणून घरधन्याला तोंडावर विचारलं नाही. मक्याचा पाय मुरगळून घेतला.

तेवढ्यात भास्कर गोठ्यातून आला. "काय झालं, साडूबुवा? तोंड का उतरलं?"

तो क्षण मला मिळाला होता. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "ऊन लागलंय."

हेच ते, ज्याला नुसती चूक म्हणता येत नाही.

फुलंब्री

ऊन लागलेल्या मला घेऊन भास्कर त्याच दुपारी फुलंब्रीला गेला, दुसरा घोडा बघायला. तिथले एक पाटील, मिशीवाले आणि दिलदार. त्यांनी कलिंगड कापलं आणि आपला मारवाडी घोडा बाहेर काढला. काळाभोर, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी म्हणतात त्याला. घोडा पाहून मला वाटलं, सुटलो. हा तर न पाहिलेल्या मक्यापेक्षाही देखणा असणार.

"घेऊन जावा तुमची घोडी," पाटील म्हणाले. "शिंगरू असं व्हईल, की कान बघायला लोक गाड्या थांबवतील."

भास्करनं घोड्याच्या मानेवर हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. "देखणा हाय, पाटील. दृष्ट लागंल. पण मंग त्याचं शिंगरू तुमच्या घोड्याचं. खारकेच्या जातीचं ऱ्हानार नाय."

"आरं, सुपारी केवढी? तिच्या पोटात किती म्हणून खारीक?" पाटील हसले.

भास्करही हसला. परतीच्या वाटेवर मात्र बोलला नाही. मोटारसायकलवर त्याच्या पाठीमागं बसून मी मनात वाक्यं जुळवत होतो. "भास्कर, माफ कर, पण मला शब्दाचा अर्थ…" दर वेळी 'पण' यायचा आणि वाक्य तिथंच अडायचं. तो पाठमोरा होता, रस्ता लांब होता, सांगायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. हर्सूलचं तळं आलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "उद्या अजिंठ्याला जाऊन येऊ का?"

"या की," तो म्हणाला. "तुम्ही तरी फिरा."

सिल्लोड

अजिंठ्याची बस सिल्लोडवरूनच जाते. मी सिल्लोडला उतरलो. माझा बेत असा: युसूफभाईंची गुपचूप माफी मागायची, मक्याचा पाय बरा करून घ्यायचा, आणि भास्करला काही कळायच्या आत सगळं जुळवून आणायचं. भित्र्या माणसाचे बेत असेच असतात, त्यात सगळं असतं, फक्त सांगणं नसतं.

युसूफभाईंच्या घरामागं मक्याच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यापलीकडे मक्या. रंग पिकल्या कणसाचा आणि आयाळ थेट कणसाच्या तुऱ्यासारखी. चारही पायांवर ठणठणीत उभा. युसूफभाईंनी माझी नजर त्याच्या पायांकडे गेलेली पाहिली आणि ओशाळले.

"अभी ठीक हुआ," ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. "माफ करा, पण आमच्याकडे तो नुसता वाक्प्रचार आहे हो."

"वाक्प्रचार मतलब?"

"म्हणजे बोलायची रीत. गोम आहे म्हणजे काहीतरी लपलंय, असं. घोड्याशी संबंध नाही."

"बोलायची रीत बी कुणाच्या तरी अंगावरनंच आली असंल ना, भाई." त्यांनी मला खुर्ची दिली. "बुरा मत मानो. त्या दिवशी तुम्ही हसत हसत बोललात. आदमी हसताना खरं बोलतो. आज घामाघूम होऊन बोलताय. आता मी कुठलं धरू?"

"आजचं!"

"और भास्करभाऊने भेजा होगा तो?"

माझ्या माफीनं भास्कर आणखीच लबाड ठरत होता.

"एक करा," युसूफभाई म्हणाले. "घोडी इथं आणा. मी स्वतः हात फिरवीन. हात झूठ नाही बोलत. पण आजच. दिवस निघून चाललेत."

आता भास्करला फोन करणं भागच होतं. मी पोत्यांच्या आड जाऊन केला. गोमेचं सांगितलं, टाळीचंही सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "माफ कर, पण मला तरी कुठं ठाऊक होतं? अजिंठ्याला जाता जाता इथं डोकावलो, युसूफभाई बोलले तेव्हा कळलं."

पलीकडे भास्कर असा हसायला लागला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "टाळी बी मागितली? शैले, ऐकलं का… साडूबुवांनी टाळी बी मागितली!" आणि मग, "थांबा तिथंच. टेम्पो बघतो."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

टेम्पो येईपर्यंत युसूफभाईंनी मला जेवू घातलं. नान आणि खलिया. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, लालभडक तवंगाचा रस्सा, हळदीच्या पिवळ्या नानबरोबर. इथं मोगलांच्या लष्करासोबत आला म्हणतात. म्हणजे हाही घोड्यामागून चालत आलेला. आमच्याकडच्या वाटपाच्या मटणाला नारळाचा आधार असतो, हा रस्सा निराधार असूनही सरळ उभा राहतो. माझ्या मनाची स्थिती जेवण्यासारखी नव्हती. तरी तीन नान खाल्ले. हेही कबूल करून टाकतो.

टेम्पो आला. मागं सुपारी, तिच्या शेजारी भास्कर, पुढं शैला. निघताना तिनं सुपारीच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला होता, नवरीला लावावा तसा. खंडोबाचं वाहनच घोडा, त्यामुळे अशा कामाला त्याचा आशीर्वाद लागतो. युसूफभाईंनी भंडारा पुसू न देता हात फिरवायला सुरुवात केली. आयाळीखाली, मानेवर, पाठीवरच्या काळ्या रेघेवरून, पोटाखाली. अंगणात फक्त तिच्या श्वासाचा आवाज. गळ्याखाली त्यांची बोटं थांबली.

"देवमण," ते म्हणाले. मग भास्करकडे वळून, "गोम नाही. मला माफ करा, भास्करभाऊ. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

साधी तीन-चार वाक्यं. मी चार दिवसांत बोललो नव्हतो अशी.

"आवो, तुमचा काय दोष?" भास्कर म्हणाला. "साडूबुवांना गोम म्हंजी काय ठाऊकच नाय."

"माफ कर रे," मी लगेच म्हणालो, "पण मी—"

"दाजी!" शैलानं मला थांबवलं. ती हसत होती. "गोम सुपारीला नाही, तुमच्या माफीला आहे. केस नीट एका दिशेनं चाललेले असतात, आणि मधेच 'पण' येऊन उलटे फिरतात."

सगळे हसले. मीही हसलो.

मग मक्याला बाहेर आणलं. तो मान उडवत, खूर आपटत, नवरदेवाच्या तोऱ्यात आला. सुपारीनं कान मागं टाकले आणि तो जवळ येताच अशी दुगाणी झाडली की मक्याच्या पोत्याला भोक पडून दाणे सांडले. मक्या दचकून मागं हटला. पुन्हा आणला, पुन्हा लाथ.

युसूफभाईंनी मान हलवली. "दिन निकल गए. कल आती, तो खडी रहती."

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तीन आठवड्यांनी सुपारी पुन्हा माजावर आली आणि भास्करनं तिला पुन्हा सिल्लोडला नेलं. या वेळी ती शहाण्यासारखी उभी राहिली. आता तिचं पोट दिसू लागलंय. शिंगरू चैत्रात येईल. परवा भास्करचा फोन होता. म्हणाला, "नावं तुम्ही ठेवली, आता नाव बी तुम्हीच ठेवा." मी काजू सुचवलंय. मादी झाली तर. कोकणाचं काहीतरी परत घाट चढून जाईल.

पण यातलं काहीच तेव्हा ठाऊक नव्हतं. अंगणात दाणे सांडले होते, सुपारीच्या कपाळावर भंडारा होता आणि भास्कर तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता. या वयात ती पुन्हा माजावर येईल याचा भरवसा नव्हता. खारकेचं कूळ एका दिवसानं हुकलं असं त्याला वाटत होतं. माझ्याकडे वळून, माझंच सांत्वन करत, तो म्हणाला, "जाऊ द्या, साडूबुवा. तुम्हाला आजच कळलं. काल कळलं असतं तर तुम्ही कालच सांगितलं असतं की."

शैला माझ्याकडे पाहत होती. युसूफभाई दाणे गोळा करत होते. पळवाट उघडी होती, भास्करनंच ती उघडून धरली होती.

"नाही," मी म्हणालो. "मला काल सकाळीच कळलं होतं, शैला खरारा करत होती तेव्हा. ऊन लागलं म्हणालो ते खोटं. फुलंब्रीला तुझ्या मागं बसलो होतो, तेव्हाही सगळं ठाऊक होतं. अजिंठ्याचंही खोटं. घाबरून गप्प बसलो. तुझा दिवस माझ्यामुळं गेला, भास्कर. मला माफ कर."